कॉन्ट्रॅक्टर ठरवण्याआधी एक पाऊस अंगणात उभी राहा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायची तुझी दोन्ही कोटेशनं मिळाली. फोनवर तू म्हणालीस, "काका, जागा तीच, ब्लॉक तोच, मग चौरस फुटाला एकाचा दर ७० आणि दुसऱ्याचा १०५ कसा? मी पुण्याला राहते म्हणून हा दुसरा मला टोपी घालतोय का?" उत्तर फोनवरही देता आलं असतं. पण उद्या त्या माणसांसमोर बसशील तेव्हा कागद हाताशी असलेला बरा, म्हणून लिहितोय.

पहिल्या कोटेशनवर एकच ओळ आहे: "पेव्हर ब्लॉक बसवणे, १२०० चौ. फूट, दर ७०, एकूण ८४,०००." दुसऱ्यावर सहा ओळी आहेत आणि त्यातली चार कामं पुढे कुणाच्याच नजरेला पडणार नाहीत: खोदाई, खडी-मुरमाचा भराव, रोलर, कडेचं काँक्रीट. तुला खटकलेले ४२ हजार त्या चार ओळींत आहेत. निदान कागदावर तरी तो तुला फसवत नाही. कागदावरचं जमिनीत उतरतंय का, हे मात्र तुलाच बघावं लागेल.

हे मी इतकं ठासून का सांगतो, ते ऐक. माझी नोकरीची बत्तीस वर्षं रस्त्यांची मापं घेण्यात गेली. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या गेटपासून पडवीपर्यंतची वाट करायला दिली, आणि नेमका त्या आठवड्यात मी चार दिवस बाहेरगावी कामावर होतो. परत आलो तर ब्लॉक बसून झालेले, लाल-पिवळी नक्षी, कडेने पाणी मारलेलं. घरात सगळ्यांना आवडलं. मीही हिशोब चुकता केला. जूनमध्ये चार दिवस पाऊस लागला आणि खताची पोती घेऊन आलेल्या टेम्पोचं मागचं चाक पडवीसमोर रुतलं. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाल्यावर मी पहारीने तीन ब्लॉक उचकटले. खाली दोन बोटं कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, होती. कचेखाली चिरेखाणीतली लाल माती, भिजून मळलेल्या पिठासारखी झालेली. त्यात आंब्याची पानं अजून कुजलीही नव्हती, आणि सिमेंटच्या पिशवीचा एक तुकडा होता. पहार नुसती हाताने दाबली तर वीतभर आत गेली. दुसऱ्या कुणाच्या कामात असं दिसलं असतं तर मी बिल अडवून धरलं असतं. माझ्या दारात पैसे देऊन मोकळा झालो होतो. ठेकेदार म्हणाला, "यंदा पाऊस जास्त झाला."

पाऊस जास्त होत नाही गं. तो आपल्याकडे एवढाच असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, हे माहीत असूनही आपण सगळे उन्हाळ्यात अंगण बघतो आणि उन्हाळ्यातच काम ठरवतो. तुझ्या १२०० फुटांवर एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, आणि आषाढात असे दिवस येतातच, तर ११ हजार लिटर पाणी होतं. दहा हजारी टँकर भरून वर उरेल एवढं. छपराच्या पागोळ्यांचं पाणी यात धरलेलं नाही. हे पाणी कुठून कुठे जाणार, हे ठरल्याशिवाय ब्लॉकचा रंग निवडायला बसू नकोस.

म्हणून आता गणपतीला येशील तेव्हा पहिलं काम हे कर. जोराची सर आली की छत्री घे आणि अंगणात उभी राहा. सोबत घमेलंभर भाताचं तूस घे. जोत्याजवळ, तुळशीजवळ, गेटपाशी मूठ मूठ टाक. तूस तरंगत जिकडे जाईल तिकडे पाणी जातंय, आणि जिथे फिरत बसेल तिथे पाणी तुंबतंय. तुंबणाऱ्या जागी बांबूच्या खुंट्या ठोक आणि फोटो काढून ठेव. डिसेंबरात कोरड्या अंगणात येणाऱ्या ठेकेदाराला हे काहीच दिसणार नसतं. तुझ्या खुंट्या त्याला दिसतील.

उतार किती, तर पन्नासाला एक धर. म्हणजे दहा फुटाला साधारण अडीच इंच. तुमच्या जोत्यापासून पुढचा गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, तीस फुटांवर असेल, तर गडग्याकडची बाजू सात इंच खाली हवी. ऐकायला जास्त वाटतं, चालताना जाणवत नाही. हे नजरेने मापायचं नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन ठिकाणी धरली की लेव्हल कळते. ती नळी प्रत्येक गवंड्याकडे असते, फक्त बाहेर काढायला सांगावं लागतं. आणि एक गोष्ट अजिबात मान्य करू नकोस: "जुनं काँक्रीट कशाला फोडता ताई, त्याच्यावरच बसवू." असं करून अंगण चार-पाच इंचांनी वर येतं, जोतं तेवढं बुटकं होतं, आणि पुढच्या पावसात भिंतीला ओल येते. मग लोक भिंतीला वॉटरप्रूफिंग करत बसतात. जुनं फोडायचा आणि राडारोडा उचलायचा खर्च आधीच दरात धरून घे.

पाणी बाहेर काढताना ते शेजाऱ्याच्या परसात सोडायचं नाही. गेटसमोरचं गटार ग्रामपंचायतीचं आहे. त्यावर रॅम्प टाकायचा तर आधी विचारायचं आणि खाली पुरेशा व्यासाचा पाइप घालायचा. ठेकेदार भराव टाकून गटार बुजवतो, आणि वाडीभर पाणी साचलं की नाव तुझ्या आईचं निघतं.

आता आई. तू मला ब्लॉकच्या डिझाइनचे आठ फोटो पाठवलेस, पण आई अंगणात काय काय करते हे विचारलंस का? मे महिन्यात ती आमसुलं वाळवते, पापड घालते. तुळशीचं लग्न तिथेच लागतं. शिमग्याला पालखी तुमच्या अंगणात येते आणि नाचवली जाते, तेव्हा शंभरेक माणसं उभी असतात. मग मधोमध कारंजं आणि लॉन कशाला? सगळं १२०० फूट ब्लॉकने झाकायलाही हवं असं नाही. गाडी येते तेवढी वाट मजबूत कर. पडवीसमोरचा थोडा भाग जांभ्याच्या लादीचा ठेवलास तर अनवाणी पायांना तो कमी तापतो. आंब्याच्या बुंध्याभोवती निदान चार फूट माती मोकळी सोड. बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडवलं तर झाडही गुदमरतं आणि पाच-सात वर्षांत मुळं ब्लॉक उचलतात.

रबर मोल्डचे, म्हणजे रबरी साच्यात ओतलेले, चकचकीत ब्लॉक घेऊ नकोस. दुकानात छान दिसतात, पण श्रावणात त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, आणि आईचं वय आता पडण्याचं नाही. मशीनवर दाबून काढलेले, खरबरीत पाठीचे घे. जाडी कागदावर लिहून घे. पेव्हर ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे मानक आहे. हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर जाडी आणि एम-३५ ग्रेड (ग्रेड म्हणजे काँक्रीटची ताकद), मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटर आणि एम-४०. अंगणाला ६० पुरे. पण वाटेवरून पाण्याचा टँकर किंवा चिऱ्याची गाडी कधी आत येणार असेल, तर तेवढ्या पट्ट्याला ८० घाल. ब्लॉक कधी ओतले ती तारीख आणि कारखान्याचा टेस्ट रिपोर्ट माग. गाडीतून उतरल्यावर कुठलाही एक ब्लॉक उचल, टेप लाव, मग फोडून आतून बघ. चांगला ठेकेदार यावर रागावत नाही.

आणि आता खालचं काम, ज्यासाठी हे पत्र आहे. ब्लॉक, त्याखाली इंच-सव्वा इंच कच, त्याखाली सहा ते आठ इंच दाबलेला खडी-मुरूम. म्हणजे खोदाई दहा-अकरा इंच तरी जाणार. भराव एकदम ओतायचा नाही. तीन-चार इंचांचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. कोपऱ्यात रोलर जात नाही तिथे हाताने ठोकायचं धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे दाबायचं छोटं मशीन. नळाच्या पाइपसाठी खोदलेल्या चरात सर्वांत जास्त हयगय होते आणि खड्डा नेमका तिथेच पडतो. मोटारची वायर, बागेचा पाइप, जे काही न्यायचं ते भरावाआधी नेऊन घे. शेवटी कडेला काँक्रीटचा बांध. तो नसेल तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि फटी रुंदावतात. हा बांध सात ते दहा दिवस ओला ठेवायचा. काम डिसेंबर-जानेवारीत काढ म्हणतो ते यासाठीच, तेव्हा विहिरीला पाणी असतं. मे महिन्यात पाणीही नसतं आणि माणूसही मोकळा नसतो.

भरावाचा हिशोब तू स्वतः करू शकतेस. १२०० चौरस फुटांवर सहा इंच म्हणजे ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तो दाबल्यानंतरचा झाला, सैल माल साडेसात ते आठ ब्रास यायला हवा. गाडी आली की हौद्याला टेप लाव. १२ फूट लांब, ७ फूट रुंद, ३ फूट उंच भरलेला असेल तर २५२ घनफूट, म्हणजे अडीच ब्रास. पावतीवर तीन ब्रास लिहिलेलं असतं आणि तीन गाड्यांत दीड ब्रास कुठे गेला कुणाला कळत नाही. वहीत तारीख, गाडीचा नंबर, माप लिही आणि मुकादमाची सही घे. आईलाही हे जमेल. तिने आयुष्यभर भाताची मापं घेतली आहेत.

माणूस निवडताना त्याच्या मोबाइलमधले फोटो बघू नकोस, ते सगळे उद्घाटनाच्या दिवशीचे असतात. दोन पावसाळे काढलेलं काम दाखव म्हण. तिथे चाकांच्या पट्ट्यात हात फिरवून बघ, चेंबरच्या झाकणाभोवती बघ, कापलेले तुकडे कटरने कापलेत की हातोडीने फोडून सिमेंटने बुजवलेत ते बघ. मग घरातल्या बाईंना विचार, पाणी कुठे साचतं? त्या खरं सांगतात. आणि ठेकेदाराला हे विचार की साइटवर स्वतः कोण उभं राहणार. काम एकजण घेतो आणि दुसऱ्याला देतो, हे फार चालतं. तसं असेल तर त्या दुसऱ्याला आधी भेट.

घासाघीस कर, पण बेतात. दर ओरबाडून खाली आणलास तर तो ब्लॉक कमी करणार नाही, ते मोजता येतात. तो खडी कमी करेल. बचत करायची तर क्षेत्र कमी कर.

पैसे टप्प्याने दे. माल दारात आल्यावर १५ टक्के. खोदाई आणि भराव तू किंवा मी बघून, मापून झाल्यावर ३५. ब्लॉक बसून, फटींत कोरडी बारीक रेती भरून झाल्यावर ४०. उरलेले १० टक्के आषाढातल्या पावसानंतर. काम झाल्यावर निघालेला दोष ठेकेदारानेच दुरुस्त करायच्या मुदतीला सरकारी कामात दोषदायित्व कालावधी म्हणतात आणि घरच्या कामात तो मागायला लोक उगाच लाजतात. हे सगळं एका कागदावर लिही: जाडी, ग्रेड, थर, उतार, जुनं फोडणं, जीएसटी धरून की वेगळा, मुदत. दोघांच्या सह्या. तक्रारीची वेळ येऊ नये, पण आलीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि तिथे हा कागद आणि ती वही लागते.

भराव बघितल्याशिवाय कच पसरू द्यायची नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी मुकादमाला स्पष्ट सांग. गोड शब्दांत सांग. ती माणसं दिवसभर उन्हात वाकून काम करतात. त्यांना माठ, सावली आणि दुपारचा चहा मिळेल एवढं बघ.

माझं मत विचारशील तर १०५ वाल्याला बोलव. मात्र त्याने आधी केलेलं काम बघून मगच. तो खुंट्यांकडे बघून काय विचारतो त्यावर मला फोन कर. खोदाई सुरू होईल त्या दिवशी मी सकाळच्या एसटीने येतो. नळी माझ्याकडे आहे, पहारही आणतो.

आईला नमस्कार सांग. तूस ठेवून द्यायला सांग, गिरणीवाला टाकून देतो.

तुझे,
काका