साथरोग वेळेत ओळखायला एआय आणि जीनोमिक्सचा (जंतूचा पूर्ण जनुकीय आराखडा, म्हणजे जीनोम, वाचण्याचा) खरोखर उपयोग होतो का? एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करताना यातलं काय शिकावं?

उपयोग होतो, पण फक्त तिथे, जिथे नमुना वेळेत घेतलाय आणि पर्चीवरचा पत्ता खरा आहे. ग्वाल्हेर शहराच्या लश्कर भागात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे, तिथल्या अनुभवावरून सांगते.

माझे धाकटे दीर पुण्याला डेटाचं काम करतात. एका गणपतीत सगळे घरी जमले होते, डेंग्यू ऐन भरात होता. भाऊजींनी लॅपटॉपवर ग्वाल्हेरचा नकाशा उघडला. दवाखान्यांच्या नोंदींवर त्यांनी मॉडेल चालवलं होतं आणि शहराच्या मध्यावर मोठाले लाल ठिपके आले होते. "वहिनी, फवारणी इथे व्हायला हवी." मी म्हटलं, अहो, तिथे दवाखाने आहेत. आसपासच्या भिंड, मुरैना, डबऱ्याचा तापाचा माणूस लश्करात नातेवाइकाकडे उतरतो आणि पर्चीवर त्या नातेवाइकाचा पत्ता लागतो. त्याला डास चावला तो गावात. तुम्ही फवारणार नातेवाइकाच्या गल्लीत! त्यांचं म्हणणं, डेटा वाढला की असल्या चुका आपोआप धुऊन निघतात. कशा निघतील? सगळ्यांची चूक एकाच बाजूला झुकलेली असेल, तर आकडे वाढल्यावर तो लाल ठिपका आणखीच गडद होतो.

त्याच हंगामात मी काउंटरवरच्या मुलांना दोन प्रश्न लावून दिले: ताप कोणत्या तारखेला आला, आणि त्याआधीचे दहा-बारा दिवस कुठे होता. एका डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, पेशंट कंटाळतात, तुम्ही फक्त रिपोर्ट द्या. मी प्रश्न काढले नाहीत. त्या तारखेवरच पुढचं सगळं अवलंबून असतं. डेंग्यूचा एनएस-1, म्हणजे विषाणूचं प्रथिन, साधारण पहिल्या पाच दिवसांत धरायचा, त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीरानं बनवलेली अँटिबॉडी. आपल्याकडे माणूस आठवडाभर गोळ्या खाऊन मग येतो. तोवर विषाणू रक्तातून गेलेला असतो, उरतात अँटिबॉडी. त्यावरून निदान होतं, पण जीनोम काढायला हाती काही राहत नाही. जगातलं सगळ्यात महागडं सिक्वेन्सिंग मशीन, म्हणजे जीनोम वाचणारं यंत्र, आणून ठेवलं तरी ते या नमुन्याचं काय करणार?

जीनोमिक्सची किंमत आम्हा ग्वाल्हेरकरांना कोणी शिकवू नये. चिकुनगुन्या आपल्या देशात 1973 च्या बार्शीच्या साथीनंतर तीस-बत्तीस वर्षं जवळजवळ गप्प होता. 2005 च्या शेवटी परतला आणि 2006 मध्ये 13 लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. विषाणू तपासला तर जुना आशियाई नव्हे, आफ्रिकी वंशाचा निघाला. पुढे 2007 मध्ये केरळच्या नमुन्यांचे पूर्ण जीनोम आमच्या इथल्या डीआरडीईत, म्हणजे संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत, वाचले गेले, तेव्हा ई-1 प्रथिनात 226 व्या जागी अॅलानिनऐवजी व्हॅलिन आलेलं दिसलं. एवढ्याशा बदलानं तो विषाणू एडिस अल्बोपिक्टस डासाला मानवतो. हा डास बागांत, मळ्यांत, झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात वाढतो. म्हणजे घरातले कूलर आणि टाक्या उपसून भागत नाही, रबराच्या मळ्यातल्या चीक गोळा करायच्या वाट्याही बघाव्या लागतात. नुसते रुग्ण मोजून हे कधीच कळलं नसतं.

भाऊजींचा हुकमी दाखला म्हणजे कॅनडाची ब्लूडॉट कंपनी, जिच्या यंत्रानं 31 डिसेंबर 2019 ला वुहानचा इशारा दिला. मान्य. पण ते यंत्र चिनी बातमी वाचत होतं, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना तो न्यूमोनिया आधीच खटकला होता आणि कोणीतरी तो लिहिला होता. गूगल फ्लू ट्रेंड्सचं काय झालं, हे ते सांगत नाहीत. 2008 मध्ये लोकांच्या सर्चवरून फ्लू मोजायला निघाले, 2012-13 च्या हंगामात अमेरिकेतला अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट आला, 2015 मध्ये बंद. आणि कोविडचा ओमिक्रॉन? प्रिटोरियातल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबला रोजच्या पीसीआरमध्ये एस जीनचा (विषाणूच्या एका जनुकाचा) सिग्नल गायब दिसला. त्यांनी नमुने पुढे पाठवले, सिक्वेन्सिंग झालं आणि 24 नोव्हेंबर 2021 ला दक्षिण आफ्रिकेनं जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं. माझ्यासारखीच लॅब होती ती.

एआय निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. देशभरातली इतक्या भाषांतली वर्तमानपत्रं रोज चाळून "अमुक गावात उलट्या-जुलाबाचे चाळीस रुग्ण" अशी बातमी वेगळी काढणं माणसांच्या आवाक्यातलं नाही. कोविडचे लाखो जीनोम कोणत्या वंशात बसतात ते लावायलाही मशीन लर्निंगच वापरलं. शिवाय मी खासगी लॅबच्या बाजूनं बघतेय. आजारांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी आयएचआयपी पोर्टलवर आत काम करणारे याहून वेगळं सांगतील, त्यांनाही विचारा.

शिकायचं म्हणाल, तर आधी एपिडेमिऑलॉजी (साथरोगशास्त्र) आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं करा, मग जीनोमिक्स घ्या. कोडिंग त्याच्या जोडीनं होतं. इंटर्नशिप डॅशबोर्ड बनवणाऱ्या कंपनीत घेऊ नका, जिथे नमुने येतात अशा ठिकाणी घ्या. ग्वाल्हेरला येणार असाल तर सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये या. मॅक-एलायझा, म्हणजे आयजीएम शोधायची चाचणी, कशी लावतात ते दाखवीन, आणि एक आठवडा काउंटरवर बसवून पर्च्याही भरायला लावीन.