टोपी-चष्मा घातला तरी वॉचमन ओळखतोच

बीकेसीतल्या ऑफिसात लंच टाइमला गूगलच्या क्रोम ब्राउझरमधली इनकॉग्निटो, म्हणजे खाजगी, खिडकी उघडून नोकऱ्या शोधतो. साहेबांना कळेल का?

मनात आणलं तर कळेल. सगळ्या इनकॉग्निटो खिडक्या बंद केल्या की हिस्टरी, कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवतात त्या खुणा) आणि फॉर्ममध्ये भरलेलं त्या मशीनवर उरत नाही, एवढंच ते करतं. बाहेर जायचा रस्ता कंपनीचाच. एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी कुलूपबंद जोडणी, असली तर पानावरचा मजकूर सहसा वाचता येत नाही, पण साइटचं नाव दिसू शकतं. आणि नोकरीच्या साइटचं नुसतं नावही पुरेसं बोलकं असतं. लॅपटॉपवर देखरेखीचं सॉफ्टवेअर असेल तर तेवढाही आडोसा नाही. स्वतःचा फोन आणि स्वतःचा डेटा वापरा. फोन ऑफिसच्या वायफायला जोडलेला नाही ना, ते आधी बघा. नेमकं तेच राहून जातं.

लालबागला घरात पाच माणसं, कॉम्प्युटर एक. मी इनकॉग्निटोच वापरते, तरी धाकट्या दिरांना माझे तपासणीचे रिपोर्ट दिसले. कसे?

ताई, रिपोर्ट डाउनलोड केले असणार. डाउनलोड केलेली फाइल आणि बुकमार्क मागे राहतात. दुसरी शक्यता, एखादी इनकॉग्निटो खिडकी मिनिमाइझ करून उठलात. एक जरी उघडी राहिली तरी लॉगिन चालूच. खरं तर हा मोड तुमच्यासारख्या घरांसाठीच आहे: आपल्यानंतर खुर्चीत बसणाऱ्यापासून लपायला.

पण गूगलला तरी दिसत नसेल ना?

यावरूनच 2020 मध्ये कॅलिफोर्नियात गूगलवर दावा झाला. 2024 च्या तडजोडीत कंपनीने अशा ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं आणि इनकॉग्निटोच्या पहिल्या पानावरची सूचना अधिक स्पष्ट करायचं मान्य केलं. वापरणाऱ्यांना त्यातून थेट भरपाई मात्र नाही. माझ्या मते घोळ नावातच आहे. त्यात टोपी-चष्म्याचं चित्र. इनकॉग्निटोत जीमेल उघडलंत, तर तुम्ही कोण हे तुम्हीच सांगितलंत. नाही उघडलंत, तरी साइटला आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा नंबर, दिसतोच.

स्टेशनच्या फुकट वायफायवर इनकॉग्निटो चालेल?

मोबाइल नंबर आणि ओटीपी देऊन आत शिरलात, मग गुप्त कसलं? व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) घेतलंत तर वायफायवाल्याऐवजी व्हीपीएनवाल्याला दिसेल. फुकटचं व्हीपीएन तर मी घेणारच नाही.