ताप येईपर्यंत थांबू नकोस

लेबर वॉर्डात तुझा पहिलाच महिना आहे, म्हणून मनापासून सांगते. ३० आठवड्यांची गरोदर बाई ‘पाणी जातंय’ म्हणत आली आणि कळा नसल्या, तर बोटांनी आतून तपासू नकोस. निर्जंतुक स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून बघायचं उपकरण, लावून बघ. बोटांनी केलेल्या दर तपासणीला योनीतले जंतू वर जाण्याची भीती असते.

जंतू गर्भपिशवीच्या पडद्यांपाशी पोचले की तिथल्या पेशी सायटोकाइन सोडतात, म्हणजे निरोप पोचवणारे रेणू: इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ. त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन हे रसायन वाढतं, त्यानं गर्भाशयाचं तोंड मऊ पडतं, कळा सुरू होतात. संसर्ग असूनही ताप कधी नंतर येतो, कधी येतच नाही. इंटरल्यूकिन-६ मिळाल्यावर यकृत सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन बनवतं, त्यामुळे सीआरपी मागाहून चढतो. एका नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नकोस. बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोन हे स्टिरॉइड दिल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तशाही वाढतात, हेही ध्यानात ठेव.

एकदा मी आईची नाडी ११० लिहिली आणि पुढे गेले. बाळाचे ठोके १७० होते. दोन्ही जलद, म्हणजे संसर्गाची शंका घ्यायला हवी होती. तेव्हापासून दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिते. पॅडही स्वतः बघ, वास बदललेला कळतो. तेच सायटोकाइन बाळाच्या मेंदूलाही इजा करू शकतात. शंका आली तर रात्री दोनलाही मला फोन कर.