फुंकणीच्या दुसऱ्या टोकाला : काचेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात हाताने फुंकून केलेल्या काचेबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आलेत. सारखे सारखे होते ते एकत्र करून घेतलेत.

प्रश्न : बहिणीने हँडमेड म्हणून एक फुलदाणी दिली. बुडाला मधोमध खरखरीत गोल डाग आहे, काहीतरी तोडून काढल्यासारखा, आणि काचेत तीन-चार बुडबुडे आहेत. डिफेक्टिव्ह पीस गळ्यात मारला का तिच्या?

उत्तर : अहो नाही, डाग आहे वाचून मला तर बरंच वाटलं. कसं होतं, फुंकणीच्या टोकावर काचेचा फुगा करून भांड्याचं पोट आणि बूड तयार होतं, पण तोंडाची बाजू अजून फुंकणीलाच चिकटलेली असते, मग तोंडाचं काम करणार कसं? म्हणून बुडाला दुसरी एक भरीव सळई गरम काचेच्या टिपक्याने चिकटवतात, तिला पंटी म्हणतात, आणि मग फुंकणीकडची बाजू टकटक करून सोडवतात. आता भांडं पंटीवर, तोंड मोकळं, ते परत तापवून मोठ्या चिमट्याने हवं तेवढं उघडायचं. शेवटी पंटीला एक टोला, भांडं सुटतं, आणि तिथे जो व्रण राहतो तो तुमचा डाग. भांड्याची बेंबीच म्हणा ना.

पण हे गॅरंटी कार्ड समजू नका. बरेच कारागीर तो व्रण घासून पॉलिश करतात, मग नुसता गुळगुळीत खळगा राहतो. आणि साच्यात फुंकलेल्या भांड्याला शिवणीसारखी रेघ येऊ शकते, ते तोंडाने फुंकलेलं असलं तरी. बुडबुड्यांवर तर मी सगळ्यात कमी विश्वास ठेवीन कारण हँडमेड लुक पाहिजे म्हणून आजकाल ते मुद्दाम घालतात. त्यापेक्षा काठावरून बोट फिरवा, डोळे मिटून. जाडी जराशी कमी-जास्त होतेय का ते बोटाला डोळ्यांपेक्षा लवकर कळतं.

प्रश्न : ओळखीच्या एका हौशी कारागिराकडून घेतलेला ग्लास. रात्री रिकामा, कोरडा टेबलावर ठेवला होता, सकाळी दोन तुकडे. खोलीत कोणीच नव्हतं. घरच्यांचा विश्वास बसत नाहीये.

उत्तर : माझा बसतोय. बहुतेक तो नीट निवलेला नव्हता. फुंकणं बघायला मजा येते, व्हिडिओ पण त्याचेच निघतात, पण माझं मत विचाराल तर काच खरी बनते ती नंतर, एका बंद पेटीत, कोणी बघत नसताना.

भट्टीत काच साधारण 1100 अंश सेल्सिअसला मधासारखी असते. भांडं तयार झालं आणि तसंच टेबलावर ठेवलं तर बाहेरची कातडी पटकन गार होऊन घट्ट होते, आत अजून गरम, मग आतली काच गार होताना आकसायला बघते पण बाहेरची तिला आकसू देत नाही, आणि ही ओढाताण कायमची आत अडकून बसते. ते होऊ नये म्हणून भांडं गरम पेटीत ठेवतात, नेहमीच्या सोडा-चुन्याच्या काचेला 500 अंशांच्या आसपास, सगळीकडे सारखं तापमान होईपर्यंत तिथेच, आणि मग हळूहळू खाली. ह्याला अ‍ॅनीलिंग म्हणतात. साध्या ग्लासला एक रात्र पुरते, जाड वस्तूला कितीतरी जास्त. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीचा 200 इंची आरसा 1934 मध्ये ओतला (तो ओतीव, फुंकलेला नव्हे, पण नियम तोच) तर तो निववायला जवळजवळ 10 महिने लागले.

तुमच्या हौशी मित्राने बहुतेक पेटी लवकर उघडली. मग ग्लास महिनोन्‌महिने ठीक दिसतो, धुताना कुठेतरी बारीक चरा पडतो, हवेतल्या ओलाव्याने तो चरा मुंगीच्या पावलाने वाढतो आणि एक दिवस गाठतोच आतल्या ताणाला. तो दिवस त्या रात्री उजाडला एवढंच.

बाकीचे ग्लास घरीच तपासा. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल हातात धरून हळूहळू फिरवा, एका कोनात स्क्रीन काळा होईल. तिथेच थांबा आणि स्क्रीन आणि गॉगलच्या मध्ये ग्लास धरा. सगळा अंधारच राहिला तर छान, पण कुठे पांढरे किंवा रंगीत पट्टे चमकले तर तिथे ताण आहे. फक्त टफन्ड, म्हणजे मुद्दाम जास्त मजबूत केलेल्या काचेत ताण मुद्दामच भरलेला असतो त्यामुळे ती चमकणारच, तिला बघून घाबरू नका.

प्रश्न : घरात रिकाम्या बाटल्या खूप आहेत. त्या वितळवून फुंकायला वापरता येतील का?

उत्तर : भट्टी असेल तरी मी जपून म्हणेन, आणि घरच्या गॅसवर तर मुळीच नाही. बाटलीची काच मशीनसाठी बनवलेली, तिथे बाटल्या पटापट सुटायला हव्यात म्हणून ती लवकर घट्ट होते. हाताने काम करणाऱ्याला नेमकं उलट पाहिजे, जास्त वेळ मऊ राहणारी. दुसरं म्हणजे वेगवेगळ्या काचा एकत्र करू नका. बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बीकरची काच, तापली की साध्या काचेच्या जेमतेम तिसरा हिस्सा प्रसरण पावते. दोन्ही जोडल्या तर गरम असताना गुण्यागोविंदाने नांदतात, गार होताना भांडण सुरू.

प्रश्न : लाल काचेत खरंच सोनं असतं का?

उत्तर : सगळ्या नाही, पण गोल्ड रूबी म्हणतात त्यात असतं, अगदी किंचित. गंमत म्हणजे भट्टीतून काढताना ती जवळपास रंगहीन असू शकते, परत तापवली की सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि डोळ्यांसमोर लाली चढत जाते. निळ्याला कोबाल्ट, तो तर चिमूटभरही खूप होतो. बाटल्यांचा हिरवट रंग वाळूतल्या लोखंडाचा, आणि तो मारायला जुने लोक मँगनीज घालायचे, त्याला काचेचा साबणच म्हणायचे. पण तशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की हळूच जांभळी होते.

प्रश्न : जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात. म्हणजे काच वाहते ना?

उत्तर : नाही हो. काच फुंकायची, गरागरा फिरवून मोठी थाळी करायची आणि त्यातून तावदानं कापायची अशी एक जुनी पद्धत होती, त्यात जाडी सारखी येतच नसे. बसवणाऱ्याने जड बाजू खाली घेतली असेल. रोमन काळातल्या फुंकलेल्या बाटल्या आजही बसलेल्या नाहीत.

प्रश्न : वय 52, दम फारसा नाही. क्लास लावावा म्हणते. फुंकायला फुफ्फुसं तगडी लागतात का?

उत्तर : लावा बिनधास्त, दम्यासारखं काही असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून. मीही दोन दिवसांचा क्लास केलाय आणि पूर्ण छाती भरून फुंकायला तयार होऊन गेले होते. तर पहिल्यांदा लागते ती एवढीशी फूक, आणि लगेच फुंकणीच्या तोंडावर अंगठा दाबायचा. आत कोंडलेली हवा गरम काचेने तापून फुगते आणि बुडबुडा तीच करते, आपण नुसतं बघायचं. मला वाटलं आपण काही केलंच नाही आणि टोकाला लिंबाएवढा उजेड फुललेला.

खरा कस मनगटाचा लागतो. फुंकणी सतत फिरवत राहायची, चमच्यावरचा पाक सांडू नये म्हणून फिरवतो तसं. एक सेकंद थांबलात की काच खाली ओघळते. मग वर्तमानपत्राची जाड घडी पाण्यात भिजवून तळहातावर घ्यायची आणि तिच्यावर तो लाल गोळा फिरवत आकार द्यायचा, वाफ निघते, जळक्या ओल्या कागदाचा वास येतो, आणि आपल्या हातात आणि त्या काचेत फक्त कालच्या बातम्या. शिकवणारे म्हणाले घाबरून हात काढाल तर वाकडं होईल, मी काढला, वाकडं झालं.

दुसऱ्या दिवशी पेटीतून ग्लास मिळाला, एका अंगाला कललेला. पाणी प्यायला घेत नाही, पेनं ठेवते त्यात. तोही एकदा लॅपटॉपसमोर धरून बघितला, बुडाशी एक पांढरा पट्टा चमकतोय.