सिग्नलला गाडी बंद पडते? आधी हे बघ

बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी गाडी थांबली की इंजिन बंद, रेस दिली की ठणठणीत, असंच होतंय ना तुझं? मग लगेच उद्यमबागेतल्या गॅरेजात नेऊन फ्युएल पंप बदलायला सांगू नकोस.

पेट्रोल गाडीत रेसवरचा पाय काढला की इंजिनला हवा मिळते ती थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) पाकळीजवळच्या बारीक फटीतून नाहीतर आयडल व्हॉल्व्हमधून, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवणाऱ्या छोट्या झडपेतून. तिथं काजळी धरली की श्वास कोंडतो. एअर फिल्टरकडचा पाइप काढून आत बघ. माझ्या गाडीत पाकळीच्या कडेला काळं, चिकट कडंच जमलं होतं. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून हळू पुसलं, त्यावर भागलं. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर पाकळी बोटानं ढकलू नकोस, मोटर बिघडते. साफ केल्यावर काही गाड्यांत स्कॅनरनं (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रानं) आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन किती फिरावं ते, परत शिकवावं लागतं. गरम इंजिनाचा आयडलचा आकडा साधारण ७०० ते ९०० आरपीएम हवा.

उभ्या गाडीत नुसता ब्रेक दाबला तरी इंजिन गचकतंय, पेडलपाशी फुसफुस ऐकू येतेय? मग ब्रेक बूस्टर (ब्रेक दाबायला जोर पुरवणारा डबा) किंवा त्याची नळी बघ. हे मात्र उद्यावर टाकू नकोस.

आणि दुरुस्ती होईपर्यंत चोर्ला घाटात गाडी घालू नकोस रे. उतारावर इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा लागतो.