पाकट, वागळी यांचा जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) अभ्यासून त्यांना वाचवायला खरंच उपयोग होतो का?

हो, खूप होतो. आपल्या पुण्यातल्या गणेश पेठेच्या मासळी बाजारात पाकट एकदा कापून तुकडे केलं की जात कुठली ते भल्याभल्यांना ओळखता येत नाही, पण नखाएवढ्या तुकड्यातून डीएनए काढून सीओआय या जात ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जीनचा साधारण 650 अक्षरांचा भाग वाचला की बहुतेक वेळा कळते, म्हणजे संरक्षित जात विकली जात असेल तर पकडता येते.

उत्क्रांतीचं म्हणाल तर 2023 मध्ये लिटल स्केट या पाकटाच्या नात्यातल्या माशाचा जीनोम आला, त्यात दिसलं की पंखासारखे रुंद पर मुख्यतः जुनेच जीन वेगळ्या पद्धतीने चालू झाल्यामुळे बनले.

मला सगळ्यात हलवून गेलं ते फ्लोरिडाचं, तिथल्या काही करवत माशांना (हेही पाकटांचेच नातलग) बापच नाही, म्हणजे मादीने नराशिवायच पिल्लं दिली, हे 2015 मध्ये डीएनएवरून कळलं, मासे इतके घटलेत की माद्यांना नर सापडणं मुश्किल झालं असावं असं संशोधकांना वाटतं.