एक-चौदाच्या मुलखात: वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत सातबारा, हक्कसोडपत्र, २००५ ची दुरुस्ती असे शब्द असतात. महाराष्ट्रातील वृत्तपत्रे आणि पुरवण्या आपल्या घरोघरी वाचल्या जातात, त्याचा हा परिणाम आहे आणि त्यात गैर काहीच नाही; मात्र तेथील लेख वाचून गोव्यातील भाटाची, म्हणजे माडाबागायतीच्या जमिनीची, वाटणी करू गेल्यास हिशेब चुकतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० मध्ये गोव्याला लागू झाली. मुक्तीनंतर १९६२ च्या केंद्रीय कायद्याने येथील जुने कायदे, बदलले जाईपर्यंत, पुढे चालू ठेवले. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला असून तो २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. या अंकातील प्रश्न निवडताना ही गल्लत डोळ्यांसमोर ठेवली आहे.

प्रश्न: वडील तीन वर्षांपूर्वी वारले. आई हयात आहे. आम्ही दोन भाऊ आणि दोन बहिणी. वडिलोपार्जित भाट विकण्याचे ठरले असून एक-चौदाच्या (गोव्यातील जमिनीच्या महसुली) उताऱ्यावर केवळ वडिलांचे नाव आहे. बहिणींच्या लग्नात सोने दिले असल्याने त्यांचा हिस्सा राहिलेला नाही, असे मोठ्या भावाचे म्हणणे आहे. उलट, घेणाऱ्याचा वकील बहिणींच्याच नव्हे तर त्यांच्या यजमानांच्याही सह्या मागतो. जावयांचा या जमिनीशी काय संबंध? — एक वाचक, डिचोली

उत्तर: आपण विचारलेला प्रश्न गोव्यातील जवळजवळ प्रत्येक विक्रीत उभा राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम आईचा विचार करू, कारण पत्रात तिचा उल्लेख ओझरता आला आहे आणि वास्तविक सर्वांत मोठा हिस्सा तिचाच आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर गोव्याच्या कायद्यानुसार विवाहाबरोबर पती-पत्नीची मालमत्ता एकत्र होते आणि त्या एकत्रित मालमत्तेत प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. मालमत्ता कोणी कमावली, ती माहेरची की सासरची, कागदावर कोणाचे नाव आहे, यांपैकी कशानेही या नियमात फरक पडत नाही. संपूर्ण भाट सोळा आणे धरल्यास आठ आणे आईचे आहेत. ते वडिलांकडून वारसाने आलेले नाहीत. विवाहाच्या दिवसापासून ते तिचेच आहेत. वडिलांच्या मृत्यूने वारसा उघडला तो उरलेल्या आठ आण्यांचा, आणि तो चार मुलांत समान, म्हणजे प्रत्येकी दोन आणे असा जातो. मुलगा आणि मुलगी असा भेद या कायद्यात नाही. २००५ ची दुरुस्ती ही हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती होती. तिची वाट येथील मुलींना पाहावी लागली नाही, कारण तो कायदाच येथे वारसा ठरवत नाही. लग्नात दिलेल्या सोन्याने हिस्सा आपोआप फिटतो, ही समजूत मला दर महिन्याला ऐकावी लागते आणि दर महिन्याला मी तेच उत्तर देतो: फिटत नाही.

आता जावयांविषयी. बहिणीला मिळालेले दोन आणे त्याच नियमाने तिच्या आणि तिच्या पतीच्या एकत्रित मालमत्तेत जातात, म्हणजे एक आणा तिचा आणि एक आणा त्याचा. जावई हा सासऱ्यांचा वारस नाही. तो वारसाचा अर्धा भागीदार आहे. त्याच न्यायाने आपली पत्नी आणि आपली वहिनी यांच्याही सह्या खरेदीखतावर लागतील, याकडे मोठ्या भावाचे लक्ष गेलेले दिसत नाही. एखाद्या बहिणीचा विवाह गोव्याबाहेर झाला असेल, तर त्या जोडप्याला ही एकत्र मालमत्तेची पद्धत लागू होते की नाही, हे विवाहाची नोंद आणि त्या वेळचे वास्तव्य पाहून ठरवावे लागेल. तिचा विवाहाचा दाखला वकिलाला अवश्य दाखवावा. ती स्वतः वारस आहे, याबद्दल मात्र कोणत्याही परिस्थितीत शंका नाही.

विक्रीपूर्वी वारस कोण, हे कागदावर आले पाहिजे. त्यासाठी सब-रजिस्ट्रार कार्यालयात विशेष नोटरीसमोर वारसाचे डीड करावे लागते. जुनी माणसे त्यालाच हाबिलितासांव म्हणतात. एक-चौदावर वारसांची नावे चढवण्यासाठीही हेच डीड उपयोगी पडते. एक-चौदा हा महसुली उतारा आहे. त्यातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते, परंतु मालकीचा दस्त म्हणून तो चालत नाही. म्हणून जुन्या पोर्तुगीज जमीन नोंदणीचा दाखला घरात असल्यास तोही शोधून काढावा.

बहिणी स्वखुशीने हक्क सोडणार असतील, तर तेही विशेष नोटरीसमोरील डीडने, पतीच्या संमतीसह, व्हावे लागते. वारसा सोडायचा तर तो पूर्ण आणि बिनशर्त सोडावा लागतो; “माझा हिस्सा फक्त धाकट्या भावाला” असे लिहिले की तो वारशाचा त्याग राहत नाही, ते एका व्यक्तीला केलेले हस्तांतरण होते आणि त्याचे नियम निराळे आहेत. एकमत होतच नसेल, तर कोणत्याही वारसाला दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी घालता येते. तेथे मालमत्तेची यादी होते, वारस ठरतात, आणि ज्याचे तुकडे पाडणे बरे नाही अशा मालमत्तेसाठी वारसांत आपापसांत बोली लागते. जो अधिक बोली बोलतो तो मालमत्ता घेतो आणि इतरांना त्यांच्या वाट्याची रक्कम देतो. भाट घराण्यात राखायचे असेल, तर वर्षानुवर्षे अबोला धरण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक सभ्य वाटतो.

प्रश्न: माझ्या मुलीचा विवाह ठरला आहे. होणाऱ्या जावयाचा व्यवसाय मोठ्या कर्जावर उभा आहे. दोघांची मालमत्ता वेगळी ठेवता येईल का? — एक पालक, मडगाव

उत्तर: येईल, परंतु विवाहापूर्वीच. त्यासाठी विशेष नोटरीसमोर विवाहपूर्व करार करावा लागतो आणि विवाह नोंदणीच्या वेळी त्याची माहिती द्यावी लागते. विवाह झाल्यावर ही पद्धत बदलता येत नाही, दोघांची संमती असली तरीही. नोंदणी कार्यालयातील पहिल्या सहीला जाण्यापूर्वीच हा विषय संपवावा, असे मी सुचवीन. ही चर्चा व्याह्यांसमोर काढणे अवघड वाटते, हे खरे. ती मुलीने आणि मुलाने आपापसांत केली तर अधिक सोपी जाते.

प्रश्न: मी बहात्तर वर्षांचा आहे. पत्नी हयात आहे. तीन मुलांपैकी धाकटा आमची सेवा करतो. फोंड्यातील घर आणि मुंबईतील एक फ्लॅट, दोन्ही त्यालाच मिळावीत असे मृत्युपत्र मी टंकलिखित करून घेतले असून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. ते पुरेसे आहे का? — एक वाचक, फोंडा

उत्तर: ते पुरेसे नाही, आणि त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण स्वरूपाचे. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतलेले मृत्युपत्र महाराष्ट्रात चालते. गोव्याचा वारसा कायदा ज्यांना लागू आहे, त्यांनी मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर करणे आवश्यक आहे. ते नोटरीच्या पुस्तकात लिहवून खुले करता येते, किंवा मजकूर गुप्त ठेवायचा असल्यास बंद लखोट्यात ठेवून नोटरीची मान्यता घेता येते. आपल्याजवळचा कागद आपली इच्छा सांगतो, तथापि तिला कायद्याचे बळ देत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. वरच्या उत्तरातील आण्यांचाच हिशेब येथे लावावा. सोळांपैकी आठ आणे पत्नीचे. त्यांवर आपले मृत्युपत्र चालू शकत नाही. आपल्या आठ आण्यांपैकी निम्मे, म्हणजे चार आणे, तिन्ही मुलांसाठी कायद्याने राखीव आहेत. ते काढून घेता येत नाहीत, अपवाद फक्त कायद्यात नमूद केलेल्या गंभीर कारणांचा, आणि मुलगा भेटायला येत नाही हे त्यांतले कारण नव्हे. उरलेले चार आणे आपण धाकट्याला देऊ शकता. पत्नीनेही आपल्या वाट्याबाबत तसेच स्वतंत्र मृत्युपत्र केले, तर दोघांचे मिळून आठ आणे त्याला अधिक मिळतील आणि राखीव भागातील त्याचा तिसरा हिस्साही त्याचाच राहील. सेवेची कदर करण्यास एवढी जागा कायद्याने ठेवली आहे. त्यापलीकडे ठेवलेली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण आईबापांचा राग दहा वर्षांत निवळतो पण दस्त तसाच राहतो.

मुंबईतील फ्लॅट महाराष्ट्रात असल्यामुळे त्याला तेथील कायदा लागेल, असे आपल्याला कोणी सांगितले असेल तर तेही आता टिकत नाही. १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, गोव्याचा मूळ रहिवासी असलेल्या व्यक्तीची मालमत्ता भारतात कोठेही असो, तिचा वारसा गोव्यातील कायद्यानेच ठरेल. त्या प्रकरणातील मालमत्ताही मुंबईतीलच होती.

प्रश्न: म्हापशातील माझी सदनिका अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने देत आहे. पुण्यातील भावाचे म्हणणे आहे की असा करार नोंदवला नाही तर दंड होतो. — एक वाचक, म्हापसा

उत्तर: आपल्या भावाचे म्हणणे पुण्यासाठी बरोबर आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवण्याची सक्ती आहे. तो कायदा गोव्यात नाही. येथे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. करार मुद्रांकावर करावा, आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्यास विसरू नये.

प्रश्न: माझे आजोबा भाटकाराच्या, म्हणजे भाटाच्या मालकाच्या, माडांची राखण करीत आणि त्याच्याच परवानगीने बांधलेल्या घरात राहत. आम्ही आजही तेथेच राहतो. भाडे कधी दिले नाही. भाटकाराच्या मुलाने आता संपूर्ण भाट गोव्याबाहेरच्या एका गृहस्थांना विकले असून त्यांनी आम्हाला तीन महिन्यांत घर रिकामे करण्यास सांगितले आहे. ते काही रक्कमही देऊ करतात. — एक वाचक, पेडणे

उत्तर: घर रिकामे करू नये आणि कोणत्याही कागदावर सही करू नये. बाकीचे सवडीने वाचले तरी चालेल.

आपण सांगता त्या परिस्थितीत आपले कुटुंब मुंडकार ठरण्याची शक्यता मोठी आहे. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्यानुसार, भाटकाराच्या संमतीने घरात कायम वास्तव्य करणाऱ्याला, तो सेवा करीत असो वा नसो, त्या कायद्यात सांगितलेल्या रीतीखेरीज घराबाहेर काढता येत नाही. हा हक्क वारसाने पुढच्या पिढीकडे जातो. भाट विकले गेले म्हणून तो बुडत नाही. नवा मालक भाटकाराच्या जागी येतो, एवढाच फरक पडतो. आपण भाडे दिलेले नाही, ही गोष्ट आपल्या बाजूची आहे, कारण घराचे भाडे भरणारा माणूस या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. घरकामगार म्हणून मालकाच्याच घरात राहणाराही बसत नाही.

मुंडकार म्हणून आपली नोंद झालेली आहे का, हे मामलेदार कार्यालयातील मुंडकारांच्या नोंदवहीत पाहावे. नसल्यास मामलेदाराकडे तसे जाहीर करून मागणारा अर्ज करावा आणि त्यासोबत घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, शिधापत्रिका, मतदारयादीतील नोंदी, शाळेच्या दाखल्यांवरील पत्ते असे जेवढे जुने कागद मिळतील तेवढे जोडावेत. आजोबांना राखण करताना पाहिलेले शेजारी हयात असतील तर त्यांची साक्ष आता घ्यावी. या खटल्यांत कागद कमी आणि आठवणी जास्त असतात, आणि आठवणी माणसाबरोबर जातात. दरम्यान जबरदस्तीची भीती असल्यास मामलेदाराकडेच तात्पुरत्या मनाईचाही अर्ज द्यावा. मुंडकारपण सिद्ध झाल्यावर घर आणि त्याभोवतीची जागा, पंचायत क्षेत्रात ३०० आणि नगरपालिका क्षेत्रात २०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा अर्ज करता येतो.

देऊ केलेल्या रकमेबद्दल एवढेच लिहितो की, ती देऊ केली जाते याचा अर्थ आपला हक्क समोरच्या पक्षालाही दिसतो आहे.

प्रश्न: मी विधवा असून माझ्या वाट्याचे घर चार वर्षांपूर्वी मुलाला बक्षीस दिले. तो आता मला मागच्या पडवीत ठेवतो आणि औषधाला पैसे देत नाही. बक्षीसपत्र रद्द होईल का? — एक वाचक, काणकोण

उत्तर: येथे गोवा आणि महाराष्ट्र असा भेद नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा केंद्रीय कायदा आपल्याला लागू आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अडचण अटीची असते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट सिद्ध झाली पाहिजे, असे म्हटले. जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या निकालात मात्र हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा, असे सांगून आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले. तेथे सांभाळाचे वचन देणारा कागद होता. म्हणून आपले बक्षीसपत्र शब्दशः वाचून घ्यावे, आणि त्या सुमारास मुलाने लिहून दिलेला दुसरा एखादा कागद किंवा पत्र असल्यास तेही शोधावे. आपल्याला इतर मुले असतील, तर राखीव हिश्श्याहून अधिक दिले गेले का, हाही मुद्दा वकिलाला विचारावा.

अर्ज उपजिल्हाधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा आहे. बक्षीसपत्राचा निर्णय काहीही लागो, त्याच अर्जात दरमहा चरितार्थही मागता येतो. कायद्यातील त्याची कमाल मर्यादा दहा हजार रुपये आहे. आदेश विरुद्ध गेल्यास साठ दिवसांत अपील करता येते. औषधांच्या पावत्या आजपासून जपून ठेवाव्यात.